तिकिटावरचं तण

आमचे हे पालिकेच्या बागेत माळी. काम एकच, हिरवळीत उगवलेलं तण उपटायचं. बावीस वर्षं उपटलं. आणि छंद कसला म्हणाल, तर रानफुलांची टपाल तिकिटं जमवायची! दिवसभर जे उपटायचं, तेच संध्याकाळी चिमट्यात धरून वहीत लावायचं. लग्नानंतर आठवड्याच्या आत माझ्या पातेल्यात तिकिटं भिजत घातलेली सापडली, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता.

गेल्या वर्षी ह्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. एका परदेशी तिकिटावर आंबुशी निघाली, हे हिरवळीतून रोज उपटतात तीच. दोन दिवस धड जेवले नाहीत.

"अगं, एका अख्ख्या सरकारने छापलंय हिला," म्हणाले. "मी कोण उपटणार?"

तेव्हापासून वही घेऊन कामावर जायला लागले. एकेका रोपट्यापुढे उकिडवं बसायचं, पानं उलटायची, तिकीट सापडलं की रोपट्याला "माफ करा" म्हणून पुढे सरकायचं. एकदांडी सुटली, हरणखुरी सुटली. दोन महिन्यांत हिरवळीचं पार रान झालं. एक आजोबा बाकावर बसले होते, त्यांना खोकल्याच्या आवाजावरून शोधावं लागलं.

मग बागेचे साहेब आले. "सोमवारपर्यंत साफ झालं नाही, तर घरी बसा," म्हणाले. ह्यांनी वही पुढे केली. साहेब म्हणजे कागदावर चालणारा माणूस. तिकिटांवरचे शिक्के बघून गडबडलेच.

"असं करा," म्हणाले, "ज्याचा पुरावा त्याच्या शेजारी लावा. पुरावा असेल ते राहील. बाकीचं उपटा."

मी म्हटलं, सुटलो बाई. कसलं काय! पुरावा लावायचा म्हणजे तिकीट वहीतून काढून काडीला चिकटवायचं आणि काडी मातीत खोचायची. उघड्यावर. रोज सकाळी फवारे सुरू होतात तिथे!

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले. "नोकरी वाचवायचीय ना? मग उपटा सरळ सगळं!"

ह्यांनी रविवारभर आइस्क्रीमच्या उष्ट्या काड्या धुतल्या आणि एकेक तिकीट सोडवलं. एकशे सदतीस. माझाच जीव तुटत होता, तरी गोंद मीच लावला.

सोमवारी साहेबांनी वाकून वाकून सगळ्या काड्या तपासल्या. एकाही रोपट्याला हात लावला नाही. नोकरी वाचली. फक्त नळाजवळ एक होतं, नखाएवढ्या पांढऱ्या फुलाचं. त्याच्याशेजारी काडी नव्हती. साहेबांनी बोट दाखवलं आणि ह्यांनी ते मुकाट्याने उपटलं.

घरी आले ते रुमालात गुंडाळून घेऊन. पायरीवर बसले, मांडीवर रिकामी वही.

"बावीस वर्षं ह्याचं तिकीट शोधतोय," म्हणाले. "कुठल्याच देशाने काढलं नाही गं." आणि माणूस चक्क रडायला लागला.

मी चहाचा डबा रिकामा केला, माती भरली आणि रोपटं त्यात खोचलं.

"अगं, त्याला तिकीट नाही," हे म्हणाले.

"मला तरी कुठे छापलंय कुणी?" मी म्हटलं. "ठेवलंयत ना घरात?"