वजन जास्त, बाद!

कबड्डीत मी डाव्या कोपऱ्याला उभा राहायचो. समोरच्याचा घोटा एकदा हाती आला की सुटायचा नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, खरं आहे ते.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. तेव्हा आम्ही वजनी गटात खेळायचो. सामन्याच्या सकाळी एकेकाला काट्यावर उभं करायचे. काटा कुठला, तर आडत्याच्या वखारीतला, एरवी त्यावर कांद्याच्या गोण्या चढायच्या. पंच म्हणाला ‘चालेल’, तर आत. म्हणाला ‘जास्त, बाद’, तर टॉवेल उचलायचा आणि घर गाठायचं. अकरावीत माझे खांदे भरायला लागले, तसा आमचा कॅप्टन म्हणाला, “भाऊ, जरा उतरव, नायतर बाहेर बस.”

सगळेच उतरवायचे. सामने संपले की सगळे मिसळीवर तुटून पडायचे. त्या वर्षीही पडले. मी मात्र पडलो नाही. मला थांबताच येईना. का, ते तेव्हा कळत नव्हतं. आज विचाराल तर एवढंच सांगतो, त्या ‘चालेल’ची मला चटक लागली होती.

आई चांदवडकडची, खेड्यात वाढलेली. ती हैराण झाली. “आरं, आपल्यात ना एकादशी ना चतुर्थी. मग तू कशाचा उपास धरलाय रे बाबा?” आमच्या बौद्ध वस्तीत उपासाचा बहाणाही चालणारा नव्हता. मग मी थापा मारायचो, आणि थाप पकडली गेली की भडकायचो. एकदा तिनं वाढलेलं ताट असं ढकललं की आमटी तिच्या लुगड्यावर गेली. ती उठून लुगडं धुवायला गेली.

मनमाडच्या सामन्यात चढाईला गेलो आणि मध्यरेषेपलीकडे दम तुटला. कुणी हात लावला नव्हता, तरी मी पडलो. आधी सगळ्यांना वाटलं टीबी. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, आणि वस्तीत बभ्रा झाला की मास्तरांचं पोरगं येडं झालं.

मास्तर म्हणजे माझे वडील, नगरपालिकेच्या शाळेतले. मागच्या गल्लीनं जाऊ, असं मी म्हणालो. त्यांनी माझा हात धरला आणि भर दुपारी मोठ्या रस्त्यानं नेलं. कुणीतरी विचारलंच, “कुठं निघालात मास्तर?”

“डोक्याच्या डॉक्टरकडं. ताप आला की तापाच्या डॉक्टरकडं जातो ना, तसंच.”

त्या क्षणी मला वडिलांचा जो अभिमान वाटला, तो आजही कमी झालेला नाही.

डॉक्टर एक बाई होत्या, कडक. ‘का खात नाहीस’ असं त्यांनी विचारलंच नाही. “कशाची भीती वाटते?” म्हणाल्या. मी आधी खोटं बोललो, मग रडलो. माझ्या हृदयाचे ठोके मंदावले होते, म्हणून आधी दवाखान्यात ठेवून घेतलं. माझ्यासमोरच त्यांनी आईवडिलांना सांगितलं, “हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे. मुलींना जास्त होतो, पण मुलांनाही होतो. असंच चाललं तर मुलगा हातचा जाईल. उपचार केले तर बरा होईल, पण वेळ लागेल.”

मग नियम आले. कबड्डी बंद. वजन त्या करणार, आणि तेही मी काट्याकडे पाठ करून उभा राहिल्यावर. एकट्यानं जेवायचं नाही. ताटात किती वाढायचं ते त्या ठरवणार. आणि आईला म्हणाल्या, “आग्रह बंद. ‘अजून घे’ नाही, ‘एवढंच का’ नाही. जेवताना खाण्याबद्दल अवाक्षर नको.”

“पोराला घे म्हनायचं नाय?” आई चिडली. “मग मला आई कशाला म्हनायचं?”

पण तिनं पाळलं. मी दवाखान्यातून घरी आल्यावर ती वाढायची आणि तोंडाला पदर लावून समोर बसायची. शांतता नको म्हणून जेवताना कधी न बोलणारे वडील बोलायला लागले. त्यांच्याकडे गोष्ट एकच होती, शाळेत इन्स्पेक्टर खुर्चीतून पडला ती. ती आम्ही रोज ऐकली. संध्याकाळी कॅप्टन स्वतःचा डबा घेऊन हजर. “उतरव मीच म्हनालो होतो, आता बसतो पण मीच.” मी त्याला नाही नाही त्या शिव्या दिल्या.

“शिव्या दे, पण घास उचल,” तो म्हणाला.

“ए, बोलायचं नाय!” आई त्याच्यावरच ओरडली. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी हसलो.

सरळ काही झालं नाही. दिवाळीत पुन्हा घसरलो, फराळाचं ताट बघून घराबाहेर पळालो. बाई रागावल्या नाहीत. “पडलास ना? मग ऊठ. कबड्डीत काय करतोस?” एवढंच म्हणाल्या. पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्या, पुन्हा इन्स्पेक्टर, पुन्हा डबा. हळूहळू हातापायांत ऊब आली. जिना चढताना दम पुरायला लागला. भूक लागली की आता ती भूकच वाटायची, शत्रू नाही.

पुढच्या हंगामात बाईंनी खेळायला परवानगी दिली. “काट्याकडे तोंड करून उभा राहशील?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

तोच काटा, आमचंच मैदान. मी चढलो. पंचानं वजनं सरकवली, तशी दांडी वर उडाली. “जास्त. बाद!”

खोटं कशाला बोलू, ती जुनी भीती परत आलीच. पण तेवढ्यात कॅप्टन बोंबलला, “बाद! आमचा गडी बाद!” आणि पोरांनी मला खांद्यावर घेतलं. पंच बिचारा गोंधळला. “अरे, बाद झालाय तो! नाचताय काय?” तोवर वरून मीही ओरडत होतो, बाद, बाद! खुल्या गटात खेळेन की, कोण अडवतंय?

घरी आईनं विचारलं, “काय झालं रे?”

“बाद झालो. वजन जास्त भरलं.”

ती रडली. मग डोळे पुसले आणि वस्तीभर पेढे वाटून आली. पोरगं संघातून बाद झालं म्हणून पेढे वाटणारी आई नाशकात दुसरी नसेल.

रात्री तिनं बाईंनी ठरवलेलं तेवढंच वाढलं. माझं जेवण संपत आलं, तरी भाकरी हातात धरून ती तशीच उभी. वडील इन्स्पेक्टरपाशी पोचले होते, तेही थांबले.

“आज एक डाव आग्रह करू का रे?” तिनं भीतभीत विचारलं.

“कर.”

“घे ना रे सोन्या, चतकोर घे. माझ्या गळ्याची शपथ.”

मी ताट तिच्याकडे सरकवलं. “चतकोर नको आई. अख्खी वाढ.”