शेजाऱ्याच्या ताब्यातलं दार

नळकाकांनी जन्मभर लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढलं. तुंबलेल्या मोऱ्या, गळके पाइप, तळघरात साचलेलं तळं. निरोप आला की पान्हा घेऊन हजर. म्हातारपणी त्यांनी रानातलं पाणी अडवायला घेतलं, तेव्हा न्हाव्याने केस कापता कापता विचारलं, की काका, जन्मभराचं उलटं फिरवून घेताय का? काका म्हणाले, "तू माझा कान सांभाळ."

रान मूळचं सासऱ्यांचं. ते गेल्यावर वरचा तुकडा मेहुण्याकडे आला, खालचा काकूंकडे. शेजारी आणखी दोघांच्या जमिनी. सगळं मिळून एकच पाणथळ रान आणि त्यातून जाणारा एकच चर. आधीच्या पिढीने तो खणला होता, पाणी निघून जावं नि लाकूड जोमाने वाढावं म्हणून. लाकूड वाढलंही. पण तिथली माती म्हणजे पाण्याखाली वर्षानुवर्षं साचलेली पानं आणि मुळं. ओली आहे तोवर गरीब गाय, वाळली की सरपण. एका उन्हाळ्यात ती पेटली. ज्वाळा अशा दिसल्याच नाहीत. जमिनीतून धूर येत राहिला आणि मुळं जळालेली हिरवीगार झाडं एकेक करून आडवी झाली.

मग चौघे मालक काकांच्या स्वयंपाकघरात बसले आणि प्रत्येकाने आपल्या हद्दीत चराला फळ्यांचं दार बसवायचं ठरलं. आडव्या फळ्या, एकीवर एक. वरची काढली की पाणी उतरतं, घातली की चढतं. दारं बसली, तरी पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी रान कोरडंच. काका चराच्या काठाने वरून खाली चालत गेले. प्रत्येक दाराची एक फळी गायब. प्रत्येकाला आपला एखादा सखल कोपरा वाचवायचा होता आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, एका फळीने काय होतंय?

पुन्हा बैठक बसली. काका म्हणाले, "आपल्या दाराला आपण हात लावायचा नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचं दार सांभाळायचं. दुसऱ्याची फळी काढताना माणूस चार वेळा विचार करतो."

"म्हणजे दाजी, तुमचं दार माझ्या ताब्यात," मेहुणा म्हणाला. "बघा हं, पुन्हा विचार करा."

हा टोला उगाच नव्हता. आपली बहीण मोऱ्या उपसणाऱ्याला दिली, हे शल्य मेहुण्याने लग्नापासून जपून ठेवलं होतं. काकांच्या घरी तो चहासुद्धा घेत नसे. पण व्यवस्था मान्य झाली, फळ्या परत बसल्या आणि रानात पाणी चढलं.

ते सर्वांत जास्त चढलं काकूंच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे त्यांच्या वडिलांनी लावलेली झाडं होती. लावताना लहानग्या काकूंनी रोपं धरली होती आणि त्याहून लहानग्या भावाने मुळं धरली का ते बघायला दुसऱ्याच दिवशी एक उपटलं होतं. या झाडांना पायाशी पाणी सोसत नाही. त्या वर्षीची पालवी पिवळटच आली.

"अहो, एकच फळी," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "दार माझ्याकडे कुठे आहे? तुझ्या भावाकडे आहे."

"तो मला नाही म्हणणार नाही."

काकांना भीती तीच होती. मेहुण्याने बहिणीचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आणि इथली एक फळी निघाली, की बाकीच्यांच्या निघायला कितीसा वेळ? पण सासऱ्यांच्या झाडांवर आपण काय बोलावं, म्हणून काका बसून राहिले. काकू बूट चढवून गेल्या.

दुपारी बहीणभाऊ दोघेही गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून परतले. मेहुणा आत आला, खुर्ची ओढून बसला आणि चहा प्यायला. काय झालं हे विचारायचा काकांना धीर झाला नाही.

सकाळी ते चरावर आपल्या दाराशी गेले. सगळ्या फळ्या जागच्या जागी होत्या. वरच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून पाणी झिरपायचं, तेही बंद झालं होतं. फटीत निळं कापड गच्च कोंबलेलं होतं. काका वाकून बघतात तर त्यांचाच कामाचा शर्ट.

त्या उन्हाळ्यात रस्त्याकडचं गवत पेटलं. आग रानाच्या कडेपर्यंत आली, ओल्या जमिनीवर चरचरली आणि धुमसत विझली. चौघेही फावडी घेऊन काठावर उभे होते. तिथे मेहुण्याने आपण होऊन सांगितलं. "फळी मी अर्धी उचलली होती, दाजी. ताई झाडांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ठेव खाली. आणि इथून गळतंय, ते दिसत नाही का तुला?"

कोपऱ्यातली निम्मी झाडं पुढच्या वर्षी पालवलीच नाहीत. काकू अधूनमधून तिकडे जाऊन येतात. त्याबद्दल त्या बोलत नाहीत आणि काका विचारत नाहीत.

काकांनी विचारलं ते एवढंच, "माझा निळा शर्ट कुठे दिसत नाही."

"कामावर गेलाय," काकू म्हणाल्या. "आणि तुमच्यासारखा मधेच चहाला घरी येत नाही."