नखावरची शाई

दुपारी गॅलरीत बसून एका प्राचीन ग्रीक विचारवंताचं राज्यकारभारावरचं पुस्तक मराठीत वाचत होते. राज्य कोणी करावं, कशासाठी करावं, हे तो इतक्या निवांतपणे विचारत जातो की त्याच्या शेजारी बसून ऐकत राहावंसं वाटतं. आणि मग एका पानावर सहज सांगून टाकतो, की कारभार हे बायकांचं काम नव्हे. त्या ओळीवर माझं बोट होतं आणि नखावर परवाच्या मतदानाची शाई.

मी चिडून पुस्तक मिटलं.

"काय झालं गं?" लसूण सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्वतःचं काळं नख पाहिलं आणि हसल्या. "त्याला म्हणावं, निवडणुकीला उभा राहा. हात जोडून आमच्याच दारात यावं लागेल."

त्याच्या सभेत आम्हाला जागा नव्हती. पण राज्य कोणाचं, हा प्रश्न त्यानं मोकळेपणानं मांडून ठेवला, आणि मधल्या कितीतरी माणसांनी तो आमच्या दारापर्यंत आणून पोचवला. म्हणून तर आज त्याच्याशी भांडता येतं. त्या सगळ्यांचे मनोमन आभार मानत मी पुस्तक पुन्हा उघडलं.

"मोठ्यानं वाच की," सासूबाई म्हणाल्या, "मलाही ऐकू दे."