बांधावरची चाल

आमच्या हिर्डोशीत बांधावरून चालायचं म्हणजे एकामागं एक. पुढं आमचे मालक, मागं मी. बांधच एका पावलाचा, त्यात कुणाचा दोष नाही. पण भोरच्या बाजारात, एसटी स्टँडवर, लेकीच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा हा माणूस आपला दहा पावलं पुढंच! तीस वर्षांत मला त्यांच्या तोंडापेक्षा पाठच जास्त ओळखीची झाली. एकदा तरी यांनी माझ्या शेजारनं चालावं, एवढीच माझी हौस. बोलून दाखवली की म्हणायचे, "काय पिच्चरमधल्यागत चालायचं का आता?"

गेल्या वर्षी लेकीनं आम्हाला सिंगापूरला बोलावलं. म्हटलं, तिथं तरी जमेल. एक दिवस लेक-जावई कामावर गेले आणि आम्ही दोघंच भटकायला निघालो. फुटपाथ हा एवढा रुंद, बैलगाडी जाईल. तरी पुढं मालक, मागं मी.

"अवो, हितं बांध न्हाई!" मी ओरडले.

"व्हय, व्हय," म्हणाले आणि चालले की तसेच पुढं.

दुपारी एका मोठ्या खाण्याच्या बाजारात शिरलो. काय मागायचं ते कळेना, म्हणून एका म्हातारीच्या वाडग्याकडं बोट दाखवलं. आणि आलं काय, तर तांदळाची पेज! वर मासळीचे तुकडे, कांद्याची पात. मालकांनी घोट घेतला आणि खुलले.

"इमानात बसून पेज प्यायला आलो व्हय आपण?" म्हणाले खरं, पण दोन वाडगी चाटूनपुसून खाल्ली.

मग मी त्यांना पांढरेशुभ्र बूट घ्यायला लावले. "मी चिखलातला मानूस, ह्ये काय करू?" असं म्हणत आरशात तीनदा बघून घेतलं. बूट पायात घालूनच निघाले. नव्या बुटांनी चाल आणखी वाढली.

छत्र्यांच्या एका दुकानाशी मी थांबले. एक उघडून बघितली, मिटली, मान वर केली तर मालक गायब! पैसे, फोन, लेकीचा पत्ता, सगळं त्यांच्या खिशात. अगं बया! नवऱ्याला नावानं हाक मारायची सवय नाही, आणि "अवो" म्हणून तिथं कोण वळणार? रानात चुकामूक झाली तर मागच्यानं जागा सोडायची नाही, ही आमची रीत. म्हणून तिथंच उभी राहिले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

बऱ्याच वेळानं लांबून आवाज आला, "कूऽऽऽऽ!"

वरच्या शेतातून भाकरीसाठी देतात ती हाळी! सगळा बाजार वळून बघायला लागला. लाज गेली खड्ड्यात. मीही पदर खोचून दिली, "कूऽऽऽऽ!"

गर्दीतून मालक पळत आले. घामानं निथळत होते.

"मला वाटलं, तू मागं हाईस."

"मागं हाय म्हनूनच हरवले!" मी कडाडले. "कदी वळून बघितलं का?"

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. हळूच म्हणाले, "मग तू चाल म्होरं."

"म्होरं नगं मला. शेजारी!"

संध्याकाळपर्यंत चालले शेजारनं. सवय नव्हती, सारखे खांदे आपटत होते. मला हसू येत होतं. पण मनात म्हटलं, हे परदेशापुरतंच. गावात पोचलं की पुन्हा पाठच बघायची आहे.

परत आलो तेव्हा भाताच्या खाचरांत चिखलणी झालेली. एसटीतून उतरलो आणि बांधाशी आलो. मी सवयीनं थांबले, ते पुढं जावेत म्हणून. ते जाईनात.

"चल की," म्हणाले. मी बांधावर पाय ठेवला. तशी त्यांनी माझी पिशवी घेतली आणि बांध सोडून सरळ खाली उतरले, पांढऱ्या बुटांसकट, घोटाभर चिखलात.

"अवो, बूट!"

"ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि घरापर्यंत माझ्या शेजारनं चालले.