त्या दिवशी घरगाडी कोण चालवत होतं

सुधाकरराव गेल्याचा फोन शोभाने सकाळीच केला. मी बाल्कनीत पेपर उघडून बसलो होतो. "नाना, हे गेले," एवढंच ती बोलू शकली, मग फोन तिच्या मुलीने, केतकीने, घेतला. शोभा माझ्या बायकोची, मंदाची, धाकटी बहीण, म्हणजे सुधाकरराव माझे साडू. पण दिल्लीत आमचं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे भाऊ म्हणा, मित्र म्हणा, तेच होते. आणि तरीही ती बातमी ऐकून पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं... आता हे कधीच काही बोलणार नाहीत, असं मनात आलं. दुःख त्याच्या मागून आलं. त्या पहिल्या क्षणाची लाज मात्र अजून जात नाही, आणि आज लिहायला बसलोय ते तिच्यामुळेच.

सुधाकरराव मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, गुडगावात मोहरीच्या शेतांमधून इमारती उगवत होत्या, आणि त्यांनी धाडस करून तिथल्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एकीत फ्लॅट घेतला होता. पाणी टँकरचं, वीज जनरेटरची. मी सरकारी नोकरीत, सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांच्याकडे जायचं म्हणजे आम्हाला गावाला गेल्यासारखं वाटे. ते आम्हाला न्यायला यायचे तेव्हा मी त्यांची हटकून चेष्टा करायचो. दिल्लीत वर्षानुवर्षं गाडी चालवल्याचा मला भारी गर्व होता. कुठे घुसायचं, कोणाला दाबायचं, समोरच्याच्या नजरेला नजर न देता कसं पुढे जायचं, सगळं मला येत होतं. आणि हे गृहस्थ निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून सगळं बघायचे, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचे.

"सुधाकरराव, कोणासाठी देताय इंडिकेटर? त्या म्हशीसाठी?"

"तिलाही कळायला नको का नाना, आपण कुठे वळतोय ते?"

हा संवाद मुद्दाम लिहितो आहे. हे सगळं जर्मनीच्या आधीचं आहे, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं.

कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी काही महिने जर्मनीला पाठवलं, तिथे त्यांनी घरगाडी पाहिली. हा शब्दही त्यांचाच. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग, छोटं न्हाणीघर, संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठच्या तळावर गाडी उभी करायची की झालं घर. परत आले ते हेच वेड घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा जायचं होतं, काम संपल्यावर रजाही मिळणार होती. "नाना, तुम्ही दोघं या. चौघं मिळून फिरू," म्हणाले. मी ऑफिसातून रीतसर परवानगी काढली आणि मी, मंदा आणि शोभा असे तिघं विमानात बसलो. केतकी तेव्हा जन्मायची होती.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. मंदा आणि शोभा सकाळी पोहे करायच्या, शेजारच्या घरगाडीतली माणसं फोडणीच्या वासाने दारात येऊन उभी राहायची. एकदा कपाटाची कडी लावायची राहिली, आणि वळणावर आख्खी मसुराची डाळ आमच्या पायांवर आली. सुधाकरराव मात्र पुढे ताठ बसून. स्टिअरिंग डावीकडे, वाहतूक उजवीकडे, गाडीची रुंदी खोलीएवढी. पण त्यांना तिथे काही वेगळं करावंच लागत नव्हतं. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देत, पुलाखाली शिरण्याआधी उंचीची पाटी वाचत. चालणाऱ्याला थांबून वाट देत, आणि तो हात वर करून आभार मानी तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. इथे ज्या वागण्याची मी थट्टा करत होतो, त्याला तिथे कोणी वेगळं समजतच नव्हतं. मला ते बघवत नव्हतं, हे आज कबूल करतो.

"मला एकदा चालवू द्या ना," मी रोज म्हणायचो.

"कागदावर तुमचं नाव नाही, नाना. विमा माझ्या नावावर आहे."

"अहो, मी दिल्लीत चालवलीय. इथे काय आहे? सगळं सरळ तर चाललंय!"

एक दिवस त्यांना सडकून ताप भरला. पुढचा तळ जवळच होता. मी आग्रह धरला, शोभानेही म्हटलं, "झोपा हो तुम्ही जरा." त्यांनी नाइलाजाने चावी दिली आणि मागच्या पलंगावर आडवे झाले. वाटेत एक खेडं लागलं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या. समोरून दुसरी गाडी आली. तिथल्या रीतीप्रमाणे मी अलीकडे थांबायला हवं होतं, मी दिल्लीतल्यासारखी घुसवली. उजव्या बाजूला टक्कन आवाज झाला.

मंदाने विचारलं, "काय लागलं हो?"

"काही नाही. फांदी."

ती फांदी नव्हती, उभ्या गाडीचा आरसा होता. आपल्याकडे धक्का लागला की पहिला विचार काय येतो, हे दिल्लीत गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. उतरलास तर लोक जमतील, कॉलर धरतील. निघ. माझा पाय आपोआप दाबला गेला. हे मी मनाशी पुष्कळदा म्हटलं आहे, आणि ते खरंही आहे. पण पुरतं खरं नाही. पुढे गेल्यावर मी बाजूच्या आरशात पाहिलं होतं. त्या गाडीपाशी कोणीतरी रस्त्यावर बसलेलं दिसत होतं. हे मी मंदालाही कधी सांगितलं नाही. मला ती फांदीच वाटली होती, यावर विश्वास ठेवून ती वारली की नाही, मला माहीत नाही.

तळावर पोचून चहा होतोय तोवर पोलिसांची गाडी आली. आपल्या गाडीत सामान ठेवणारी एक म्हातारी बाई दचकून पडली होती, तिचं मनगट दुखावलं होतं. कोणीतरी आमचा नंबर लिहून घेतला होता. पोलिसाने इंग्रजीत विचारलं, गाडी कोण चालवत होतं? सुधाकरराव शाल गुंडाळून पायरीवर उभे होते. त्यांनी खाली उतरून आमच्या गाडीवरचा ओरखडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मी," ते म्हणाले.

नंतर भांडी धुण्याच्या जागी आम्ही दोघंच होतो. "तुम्ही सरकारी नोकरीतले, नाना. इथे केस झाली तर तिकडे चौकशी लागेल. चावी मीच दिली होती." मग एक ताट विसळत, "पण थांबला का नाहीत?"

"सवय," मी म्हणालो.

तिथे धक्का लागण्यापेक्षा निघून जाणं हा मोठा गुन्हा. दुसऱ्या दिवशी ते ताप अंगात असताना फुलं घेऊन त्या बाईंची माफी मागायला गेले. मी घरगाडीत बसून राहिलो. त्यांचा तिथला गाडी चालवायचा परवाना गेला, गोष्ट कंपनीत पोचली, आणि जर्मनीतली दोन वर्षांची नेमणूक, जी त्यांचीच होती असं सगळे धरून चालले होते, दुसऱ्याला मिळाली. मला पुढे बढती मिळाली. पेढे घेऊन मी सगळ्यात आधी त्यांच्याकडेच गेलो होतो!

गप्प राहिलो एवढंच असतं तरी एक वेळ... पण त्या दिवाळीत कस्तुरबा गांधी मार्गावर आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन होतं. कोणीतरी कुजबुजत विषय काढला, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या साडूंनी जर्मनीत जाऊन गुडगाव केलं!" हशा पिकला. सुधाकररावही हातात बशी धरून हसले. शोभा बशी ठेवून बाहेर गेली. ते वाक्य मंडळींत पुढे वर्षानुवर्षं चाललं. कोणी त्यांच्या गाडीत बसताना म्हणे, "चलो, पट्टा बांधा रे!" मी ऐकत आलो.

शोकसभेत केतकी बोलली. ती इकडेच वाढलेली, तिचं मराठी अडखळतं. "बाबांकडून तिकडे एक मिस्टेक झाली होती, सगळ्यांना माहीतच आहे. पण त्यातून शिकून त्यांनी नंतर आयुष्यभर किती सांभाळून गाडी चालवली..." सभागृहात माना हलल्या. पहिल्या रांगेत मीही मान हलवली. माझी चूक तर त्यांच्या नावावर होतीच, आता त्यांचा चांगुलपणाही त्या चुकीच्या खात्यात जमा झाला होता. मुलीला बाप उलटा दिसत होता, आणि तो मी तसा उभा केला होता.

मागच्या रविवारी मी गुडगावला गेलो. शोभाला म्हटलं, हे सगळं लिहून छापायला देतो.

"आता?" ती म्हणाली. मटार सोलत होती. "हे असताना का नाही लिहिलंत? तेव्हा लिहायला घेतलं असतंत तर ह्यांनी तुम्हाला नको म्हटलं असतं. तेवढंच ऐकून तुम्हाला परत यायचं होतं. पण तेवढंही विचारायला आला नाहीत."

मी केतकीला बोलावलं आणि आरशात दिसलेल्या त्या बसलेल्या आकृतीसकट सगळं सांगितलं.

"बाबा मला गाडी शिकवत होते ना, काका, तेव्हा एक गोष्ट बिल्कुल सोडायचे नाहीत. कुठे लागलं तर थांब. उतर. लोक जमले तरी उतर. मला वाटायचं, यार, हे स्वतःचंच सांगतायत."

"माझं सांगत होते."

"आणि तुम्ही दर दिवाळीला आमच्याकडे जेवायला..." मग म्हणाली, "छापा. नाव घालून छापा. तुमचं."

मेट्रोपर्यंत सोडायला ती खाली आली. तिला नको वाटत असणार, पण आली. मी पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. ती आत बसली नाही. आधी गाडीभोवती हळूहळू चालू लागली, चाकांकडे बघत, वाकून मागच्या बाजूला काही नाही ना ते पाहत. सुधाकरराव रोज मारायचे तशी फेरी. समोरून जाताना तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं नाही. मी पट्टा सोडला, दार उघडून उतरलो, आणि तिच्या मागून चालू लागलो.