पट्ट्यांपाशी थांबणारे मामा

रस्त्यावर पांढरे पट्टे आले, की ते एसटी चांगली चार हात अलीकडे उभी करायचे. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्या गाड्यांना थोपवायचे आणि पायी जाणाऱ्याला म्हणायचे, "जावा निवांत. मी हाय."

ते चालक, मी वाहक. सांगली-सातारा मार्गावर आम्ही सहा वर्षं बरोबर काढली. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला बाई. तुम्ही कधी आमच्या गाडीने गेला असाल, तर त्या थांबण्याला वैतागलाही असाल. मीही वैतागायची.

एकदा आष्ट्याला शाळा सुटली होती. एक मुलगी पट्ट्यांवरून निघाली, मामा थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, पोचवताय का न्हाई आमाला?" मी चिडून गाडी सोडायची डबल बेल दिली. मामा हलले नाहीत. "बाई, बेल तुमची, पन ब्रेक माझा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आमच्या उजवीकडून एक मोटारसायकल सुसाट पुढे आली. एसटीच्या आडोशामुळे चालवणाऱ्याला मुलगी दिसलीच नाही. चाक तिच्या दप्तराला घासलं, ती पडली. मामा उतरले. आपल्या बाटलीतल्या पाण्याने तिचं कोपर धुतलं, रुमाल बांधला, तिला पलीकडे सोडून आले.

साताऱ्यात त्यांचा चहा तसाच निवला. "मी थांबलो म्हनून ती पोर बिनघोर पुढं आली," ते म्हणाले. "नुसतं थांबून भागत न्हाई, बाई." माझ्या बेलबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. ते मला अजून बोचतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात खिडकीबाहेर येऊ लागला.

निवृत्त होऊन ते कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी गेले. वर्षभराने सांगलीत स्टँडबाहेर दिसले, काखेत डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. पट्ट्यांवर एक पाऊल टाकायचे, पुन्हा मागे घ्यायचे. कुणी थांबत नव्हतं.

"मामा, कवापासनं उभं हाय तुमी?"

"झाला आसंल अर्धा तास. समद्यांस्नी घाई हाय, बाई."

मी त्यांचा हात धरून रस्त्यात उतरले. माझे खाकी कपडे बघून पोलीस वाटले असेन, एक टेम्पो थांबला.

पलीकडे पोचल्यावर मामांनी वळून टेम्पोवाल्याला हात जोडले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. यंदा ते गेले. मला ते आठवतात ते सांगलीच्या त्या फुटपाथवर, टेम्पो कधीच निघून गेला तरी हात जोडून उभे असलेले.