आळंबीची भाजी आणि काढ्याचा थर्मास

विष हे माणसाला सापडलेलं सर्वांत मुकं शस्त्र आहे आणि ते ओळखायला पोलिसाचा अनुभवी डोळाच लागतो. प्रशिक्षणाच्या काळात हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि पुढे बऱ्याच व्याख्यानांत स्वतःचं म्हणून वापरलं. माझ्या सगळ्या नोकरीत विषप्रयोगाची तक्रार एकदाच आली. अनुभवी डोळ्याला तेव्हा काहीही दिसलं नाही. म्हणूनच ती घटना आजही डोक्यातून जात नाही.

आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका ठाण्यात तेव्हा माझी नेमणूक होती. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली होती. सकाळीच फोन आला की तालुक्यातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आदल्या संध्याकाळपासून ग्रामीण रुग्णालयात आहेत. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. हे गृहस्थ दारूबंदी समितीचे अध्यक्ष. शाळाशाळांतून त्यांची व्याख्यानं होत आणि मुलं शपथा घेत. त्यांचा आरोप सरळ होता. आदल्या दुपारी ते मूळ गावी, डोंगरातल्या वाडीत, चुलत भावजयीकडे आवणीच्या जेवणाला गेले होते. तिने आळंबीच्या भाजीतून विष घातलं.

कारणही सोबत आलं होतं. दोन्ही घरांच्या बांधावर हिरड्याचं एक जुनं झाड होतं आणि त्याची कोवळी फळं, औषधासाठी विकला जाणारा बाळहिरडा, कोणी झोडायचा यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. यंदा भावजयीने आपणहून जेवायला बोलावलं, तेव्हाच संशय यायला हवा होता, असं अध्यक्षांचं म्हणणं. हेतू इतका स्वच्छ लिहून मिळाला की मला बरं वाटलं. हेतू आयता मिळाला की पोलीस पुढे शोधत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वाडीत जाऊन पंचनामा केला. चुलीमागे पाटीत उरलेली आळंबी होती, राखी रंगाची, घंटेच्या आकाराची. दोन पंचांसमक्ष ती बरणीत घातली, तोंडाला फडकं बांधलं, लाखेची मोहोर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदार माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, मुद्देमाल विरघळला."

बरणीत काळाकुट्ट पातळ रस होता. आळंबं एकही नाही. "रात्रीत काळं पडतंय म्हंजे जहरच की हो," अंमलदार म्हणाले, आणि बरणी माझ्या चहापासून जरा लांब सरकवली. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो.

त्याच सकाळी भावजयीला चौकशीला बोलावलं होतं. चाळिशीची बाई, नवरा चाकणला कंपनीत कामाला, ती वाडीतल्या शाळेत पोषण आहाराचा भात शिजवायची. महिला शिपायाला शेजारी बसवून मी प्रश्न सुरू केले. भाजीत काय घातलं? आळंबी कुठून आणली? कोणी आणली? वाढली कोणी?

"मीच आणली, मीच रांधली, मीच वाढली," ती म्हणाली. "पडक्या उंबराच्या खोडापाशी उगवत्यात दरसाल. अकरा ताटं व्हती. मी खाल्लं, माझ्या पोरींनी खाल्लं, सासूनं दोनदा मागून खाल्लं. त्यांना नाय काय झालं."

"मग अध्यक्षांच्या ताटात वेगळं काय होतं?"

"भात जास्त व्हता. पावणं म्हणून."

मी तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. तासाभराने तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "साहेब, आत टाका, ते एक परवडलं. पर आज शाळंत भात दुसरी शिजवतीया. मास्तर म्हणले, चौकशी व्हईस्तोवर नको. उद्या म्या सुटले तरी माझ्या हातचं कोण खाईल?"

बाहेर समितीचे चार सदस्य निवेदन घेऊन उभे होते. गुन्हा तातडीने दाखल करा, असा मजकूर. मी प्रथम खबरीचा मजकूर मनात जुळवत होतो, तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. अध्यक्षांना पुन्हा झटका आला होता. तोच लाल चेहरा, तीच धडधड.

मी फोन ठेवला आणि समोर पाहिलं. आरोपी दोन तासांपासून माझ्या समोरच्या बाकावर बसलेली होती.

"काय झालं, साहेब?"

सांगायला नको होतं, तरी सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "भाऊजींनी काय घेतलं व्हतं का?"

"औषधं घेतायत."

"आवशद नाय. घेतलं व्हतं का?"

महिला शिपायाला माझ्या आधी समजलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग वाडीतला रिवाज कळला. त्या आळंबीवर दारू चालत नाही, हे वाडीत लहान पोरालाही ठाऊक असतं. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस घोट घेतला तरी माणूस लाल होतो, घाबराघुबरा होतो. म्हणून वाढणारी बाई प्रत्येक पुरुषापुढे थांबते आणि विचारते, "आज बसायचं हाय का?" ज्याला बसायचं असेल तो ताटावर आडवा हात धरतो. त्यावर कोणी हसत नाही, कोणी टोकत नाही.

"मग अध्यक्षांना विचारलं नाहीस?"

"त्यांना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. "दारूबंदीच्या अध्यक्षाला सगळ्या पंगतीदेखत इचारू? बोलणं आत्ता कुठं सुरू व्हत व्हतं, साहेब. आन् ते पीत न्हाईत ना."

मी तिला काय वाढलं हे दहा वेळा विचारलं होतं. जेवणारा कोण, हे एकदाही विचारलं नव्हतं.

रुग्णालयात अध्यक्ष उशीला टेकून बसले होते. खाटेजवळ स्टीलचा थर्मास होता. "तुळशीचा काढा," ते म्हणाले. मी झाकण उघडलं. वासात तुळस होती, पण एकटी नव्हती. डॉक्टर माझ्याकडे आणि मी थर्मासकडे पाहत राहिलो.

"हा थर्मास आपला?"

"माझा नाही," अध्यक्ष म्हणाले. "कोणीतरी ठेवला असेल."

मी वाद घातला नाही. बेवारस वस्तू म्हणून नोंद करून घेऊन आलो.

दुपारी काळी बरणी घेऊन महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे गेलो. त्यांनी तोंडाचं फडकं सोडलं आणि चक्क खूश झाल्या. ही आळंबी पिकली की स्वतःच वितळून शाईसारखी होते. त्या रसातून तिची बीजं पसरतात. एके काळी लोक याची शाईही करत. विषारी म्हणावी तर नाही; मात्र तिच्यातला एक पदार्थ शरीराला दारू पचवू देत नाही. "आणि साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ते पडकं उंबर ही बुरशीच कुजवतेय. नाहीतर जंगलात मेलेल्या झाडांचा ढीग पडला असता, माती झालीच नसती." मी तपासापुरतंच ऐकायला गेलो होतो. तासभर बसलो.

तक्रार दुसऱ्या दिवशी मागे घेतली गेली. कारणाच्या रकान्यात 'गैरसमज' एवढंच होतं. मी अध्यक्षांना एकच विनंती केली: शाळेत जाऊन भावजयीच्या हातचा भात मुलांसोबत, सगळ्यांदेखत खावा. ते गेले. दोनदा भात मागून घेतला, असं मास्तरांनी सांगितलं. सोमवारपासून ती पुन्हा चुलीपुढे होती. पुढच्या उन्हाळ्यात हिरडा दोन्ही घरांनी मिळून झोडला. वनस्पतिशास्त्राच्या बाई आता दरवर्षी विद्यार्थ्यांना तिच्याकडे नेतात, आणि कोणतं आळंबं खायचं, कोणतं नाही, हे ती पोरांना पडक्या उंबरापाशी उभी राहून सांगते.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. डोंगरातली माणसं प्रत्येक रोपाचा, प्रत्येक आळंबीचा स्वभाव ओळखून असतात, आणि माणसाचा स्वभावही. फसतात ती केवळ आदरामुळे. आपण पोलीस वस्तू मोहोरबंद करतो, पण प्रश्न अर्धाच विचारतो.

अध्यक्ष पदावर कायम राहिले आणि व्याख्यानंही चालू राहिली. थर्मास न्यायला कोणी आलं नाही. माझी बदली होईपर्यंत ठाण्याचा चहा त्यातूनच यायचा. चार वाजेपर्यंत गरम राहायचा.